दिवेलागणीची लेकरं

दिवाळी सरली की बालाघाटाच्या डोंगरावरची गावं अर्धी रिकामी होतात. भाऊबीज होते न होते तोच घरासमोर ट्रॅक्टर येऊन उभा राहतो. ट्रॉलीत बांबू, ताडपत्री, पिठाचे डबे, घागरी, एखादी शेळी, आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल केव्हाच खर्चलेली असते. ती फेडायला टोळी निघते कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटकात. बीड जिल्ह्यातून दर हंगामाला लाखो माणसं अशी ऊसतोडीला जातात. दारांना कुलपं लागतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्यावर सोपवलेली लेकरं.

तेव्हापासून गुढीपाडव्यापर्यंत माझ्या घरी दिवेलागणीला कुणी ना कुणी लेकरू येतंच. माझं घर पाटोदा तालुक्यात, गल्लीच्या तोंडाशी आहे. मांजरा नदी याच तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते. उगमापाशी ती ओढ्याएवढी असते. पुढं धनेगावच्या धरणात साठते आणि लातूरकडच्या उसाला पाणी पाजते. पाणी खाली जातं आणि त्यामागोमाग आमची माणसंही खालच्या मुलखात उसामागं जातात. डोंगरावर एक पाऊस हुकला की बाजरी-तुरीचा भरवसा राहत नाही. १९७२च्या दुष्काळानंतर तर कारखान्याची वाट घराघराला पाठ झाली. गल्लीतल्या आज्या सांगतात, त्या बैलगाडीनं जात. दिवस-दिवस चालत, मुक्काम करत, कडेवर पोर घेऊन. ते कडेवरचं पोर आज स्वतःची लेकरं आजीपाशी ठेवून गेलेलं आहे.

लेकरं पहिल्यांदा आली ती रेंजसाठी. आमच्या गल्लीत मोबाइलला धड रेंज नाही, माझ्या घराच्या जिन्यावर मात्र बरी येते. आजीचा बटनाचा मोबाइल मुठीत धरून एक पोरगा दारात उभा राहिला आणि म्हणाला, “काकू, जिन्यात बसू का? मायचा फोन यायचाय.” उसाच्या फडातली माणसं अंधार पडल्यावर आपल्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर परततात. गाडी भरायची असली तर त्याहून उशीर होतो. म्हणजे फोनची वेळ नक्की नाही. पोरगा वाट बघत बसला. दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत बहीण आली, मग शेजारची दोघं. हळूहळू फोन नसेल त्या दिवशीही लेकरं येऊ लागली. “काय रे, काय पाहिजे?” विचारलं की ठरलेलं उत्तर मिळायचं, “काय न्हाई. असंच आलो.”

या ‘असंच’चा मान ठेवायचा, हे मी मनाशी पक्कं केलं. या लेकरांना प्रश्न विचारणारी माणसं थोडी नाहीत. आईबाप कुठं गेले, कोणत्या कारखान्याला, कधी येणार, शाळेत जातोस का, जेवण कोण करतं? पाहणी करणारे विचारतात, पाहुणे विचारतात, किराणा दुकानात उभं असताना बाजूचा माणूसही विचारतो. लेकरांची उत्तरं तोंडपाठ झालेली आहेत. ती पाढ्यासारखी म्हणून टाकतात आणि त्यातून त्यांच्याबद्दल काहीच कळत नाही. मी विचारणं सोडून दिलं आणि तुरीच्या शेंगांची टोपली मध्ये ठेवली. हाताला काम असलं आणि समोरच्याची नजर आपल्यावर नसली की लेकरू आपसूक बोलतं. शेंगा सोलता सोलता गल्लीतल्या कुत्रीला किती पिल्लं झाली ते कळतं, आजीला रात्री दिसत नाही हे कळतं, पावसात गळणाऱ्या पत्र्याखाली कोणती पातेली ठेवतात तेही कळतं. कुणाला अंधाराची भीती वाटते, कोण वर्गात गप्प असतं आणि इथं सगळ्यांच्या नकला करतं, कुणाला वजाबाकी येत नाही पण टनाचा हिशोब तोंडी येतो, हे सगळं त्या टोपलीभोवती समजलं.

टनाचा हिशोब येणारा मुलगा नऊ-दहा वर्षांचा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ही बातमी मला त्यानंच सांगितली. उचल किती, रोज किती टन तोडला म्हणजे ती कधी फिटेल, मधे आजारपण आलं तर किती खाडे पडतील, हे तो बोटांवर मोजतो. आईबाप मिळून एक कोयता धरला जातो, हे त्याला माहीत आहे. बाप ऊस तोडतो, आई मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. दोघांतलं एक जरी बसलं तरी कोयता थांबतो.

त्या मुलाचा फोन मी एकदा जवळून ऐकला. जिना अरुंद आहे आणि फोनचा आवाज मोठा, त्यामुळं कानावर येतंच.

“जेवलास का?”

“हं.”

“काय होतं?”

“भाजी-भाकर.”

“आजीला तरास देऊ नको. बरं, बहिणीला ताप आल्ता, गेला का?”

“गेला.”

ताप गेला नव्हता. बहीण माझ्याच घरात गोधडी पांघरून पडली होती आणि तिच्या कपाळावरची ओली पट्टी त्यानंच मघाशी बदलली होती. फोन ठेवल्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, “सांगून काय करावं? तिला येता येतंय व्हय?”

मुलाची ओळख होते म्हणजे काय, याचा त्या संध्याकाळपासून मी फार विचार केला आहे. त्याचं नाव, इयत्ता, आवडता खेळ मला आधीच माहीत होता. आईला काय सांगायचं आणि काय नाही, हे तो दर रात्री त्या जिन्यात बसून निवडतो, हे मला त्या दिवशी कळलं. तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात राबणाऱ्या आईची झोप सांभाळायचं काम त्यानं आपल्याकडं घेतलं आहे. एवढ्याशा जिवानं एवढं ओझं उचलू नये, असं आपल्याला वाटतं. पण “लहान आहेस तू, तुला काय कळतं” असं म्हणून ते उतरत नाही. आणखी एक मोठं माणूस त्या ओझ्याला हात लावतं तेव्हाच ते हलकं होतं. सकाळी आम्ही तिघं प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. रात्री फोन आला तेव्हा त्यानं आईला सगळं सांगितलं. ताप होता, डॉक्टरला दाखवलं, गोळ्या दिल्या, काकू सोबत होत्या. खरं सांगता आलं म्हणून तो त्या रात्री किती मोकळा झाला होता! मग त्यानं बाहेर पळत जाऊन पोरांना बोलावून आणलं आणि अंगणात विटी-दांडू मांडला.

मुलींची गोष्ट वेगळी आहे. मुलगे रिकाम्या हातानं येतात. मुली येतात तेव्हा कडेवर धाकटं भावंड असतं. गल्लीत एक दहा वर्षांची मुलगी आहे, ती पाच खड्यांचा खेळ एका हातानं खेळते. डाव्या हाताचा विळखा भावाच्या कमरेला. उजव्या हातानं एक खडा वर उडवते, तो हवेत असतानाच खालचे चारही खडे मुठीत गोळा करते आणि उतरणारा खडा झेलते. झेलताना डावा खांदा हलत नाही, कारण त्या खांद्यावर भाऊ झोपलेला असतो. दोन्ही हात मोकळे असलेल्या मुली तिच्याशी हरतात. खेळ संपला की ती भावाला ओट्यावर निजवते, ओढणीनं झाकते आणि मग पुस्तक काढते. तिची संध्याकाळ तिच्या वाट्याला तेव्हा येते.

तिला पाहिलं की मला ताराबाई मोडक आठवतात. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढं हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर या दोघींनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तिथून ‘अंगणवाडी’ आली आणि १९७५ साली एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाल्यावर ती देशभर गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा भरवली. धाकटं भावंड कडेवर असतं म्हणून थोरली मुलगी शाळेत येऊ शकत नाही, हे ओळखून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. मुलगी जशी आहे तशी, कडेवरच्या भावासकट, तिला आत घ्यायचं. बालशिक्षणातली इतकी मोठी गोष्ट या दोघींना मुलांच्या दारापर्यंत चालत गेल्यामुळं सापडली. मी काही शाळा चालवत नाही. पण कडेवरच्या भावासाठी ओट्यावर एक सतरंजी घालायची, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

आमच्या जिल्ह्यातही या लेकरांसाठी झटणारी माणसं आहेत. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी २००० साली शांतिवन सुरू केलं आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांना तिथं घर मिळालं. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा भरल्या. सरकारनं हंगामी वसतिगृहं काढली. त्यात बऱ्याच गावांत मुलांना शाळेतच दोन वेळचं जेवण मिळतं आणि मुलं झोपायला आजी-आजोबांकडं जातात. संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ पासून आहे. या प्रत्येक सोयीनं कुठल्यातरी लेकराची शाळा वाचली आहे आणि त्या आणखी वाढायला हव्यात. तरी शाळा सुटल्यापासून डोळा लागेपर्यंतचे तास कुठल्याच योजनेत मावत नाहीत. ते तास गल्लीचे आहेत. त्या वेळी लेकराला वही दाखवायला, दात पडला ते सांगायला, भांडण सोडवून घ्यायला कुणीतरी लागतं. आजीचा जीव लेकरांवर असतो, पण दिवसभर लोकांच्या रानात कापूस वेचून आलेल्या आजीचे डोळे चुलीपाशीच मिटायला लागतात.

चैत्रात कारखान्यांचे पट्टे पडतात, गाळप संपतं आणि टोळ्या परततात. आईबापांबरोबर गेलेली लेकरंही तेव्हा येतात. पहिले काही दिवस ती दारातच घुटमळतात. हातापायांवर पाचटानं कापल्याच्या बारीक रेघा असतात, केस उन्हानं भुरे झालेले असतात. त्यांनी नवी गावं, नव्या बोली ऐकलेल्या असतात. चिक्कोडीकडून आलेला एक मुलगा कानडीत वीसपर्यंत आकडे म्हणून दाखवतो. लांबून गाडी पाहून तिच्यात किती ऊस आहे ते सांगतो. मागं राहिलेली पोरं त्याच्याभोवती गोळा होतात आणि आपण दोन धडे पुढं गेल्याचं त्याला सांगत नाहीत. त्यांची ही समज पाहून ऊर भरून येतो. मी त्या दिवसांत धड्याचं नावच काढत नाही. त्यानं फडात काय काय पाहिलं ते आधी सगळं ऐकून घेते. वर्गात त्याचे पाच महिने गैरहजेरीचे असतात, त्याच्यासाठी मात्र ते जगलेले पाच महिने असतात. त्याचं जगणं कुणीतरी ऐकून घेतलं की तो पुस्तकाकडं आपल्या पायांनी येतो.

पण येणाऱ्या लेकरांपेक्षा न येणाऱ्यांनी मला जास्त शिकवलं. बीड जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं मुली फक्त ८०७ होत्या, राज्यात सर्वांत कमी. म्हणजे ओट्यावर बसणाऱ्या मुली आधीच थोड्या. त्यातली एखादी तेरा-चौदाची झाली की एक दिवस यायची थांबते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. याचं कारण आईबापांचा दुष्टपणा मानणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. वयात आलेली मुलगी म्हातारीच्या भरवशावर गावात ठेवायची तर जीव थाऱ्यावर राहत नाही. फडावर न्यायची तर तिथं कोपीला दार नाही. लग्न करून दिलं की काळजी मिटली असं वाटतं, आणि जोडप्याचा एक कोयता होतो म्हणून मुलाकडच्यांनाही घाई असते. त्यांच्यापुढं वाटा कमी आहेत, आणि त्यातली सगळ्यांत जवळची त्यांनी धरलेली असते.

एका हिवाळ्यात अशीच एक मुलगी यायची थांबली. आठवीतली, चित्रं सुंदर काढणारी, ओट्याच्या भिंतीवर गेरूनं मोर काढून गेलेली. चार दिवस दिसली नाही म्हणून मी तिच्या घरी गेले. आजी म्हणाली, “आता मोठी झाली ती. कशाला हिंडायचं उगं?” मुलगी आतून हलली नाही. पाहुणे येऊन गेल्याचं शेजारून कळलं. मी आजीपाशी बसले. कायदा सांगण्याआधी तिचं म्हणणं ऐकलं. ती म्हणाली, “माझं काय, आज हाय उद्या न्हाई. रातीला हिच्यापाशी कोण हाय, सांगा.” तिचा प्रश्न खरा होता आणि त्याला कायद्याच्या कलमात उत्तर नव्हतं. उत्तर गल्लीतच होतं. त्या रात्रीपासून आजी आणि नात दोघी जेवून माझ्याकडं झोपायला येऊ लागल्या. अंगणवाडीताई आजीशी बोलल्या. ग्रामसेवकांनी पाहुण्यांना समजावलं. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी कायद्यानं त्यांच्यावरच आहे. पण निर्णय झाला तो जिन्यात, फोनवर. बापानं मला फोनवर बोलावलं आणि एवढंच विचारलं, “ताई, तुमच्यापाशी राहील का ती, आमी येस्तोवर?” मी हो म्हणाले. त्यानं दहावीपर्यंत थांबायचं कबूल केलं आणि शब्द पाळला. ती मुलगी आता अंबाजोगाईला शिकते.

हे जमलं, कारण ती रोज येत होती. रोज येणारं लेकरू आलं नाही तरच त्याचं न येणं दिसतं. ओळख नसेल तर गल्लीतून एक मुलगी कमी झाली हे अक्षता पडल्यावरच कळतं. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आमच्या गावात पोरासोरांना पाठ आहे आणि तो असायलाच हवा. पण तो फिरवायची वेळ आली आहे हे आधी कुणाच्यातरी ध्यानात यावं लागतं. ज्याला त्या मुलीचं रोजचं येणं-जाणं माहीत आहे त्याच्याच ते ध्यानात येतं.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. डोंगरावरच्या प्रत्येक गावात दिवाळी ते पाडवा संध्याकाळी काही दारं उघडी हवीत. शिकवायलाच पाहिजे असं नाही, खाऊ दिलाच पाहिजे असंही नाही. एक सतरंजी, एक दिवा, हाताला एखादं काम, आणि लेकरानं काल काय सांगितलं ते आज लक्षात ठेवणारं एक मोठं माणूस, एवढं पुरतं. तोडणीचा दर, पाण्याचा प्रश्न, मुकादमाची उचल हे सगळं बदलायला लढावं लागेल आणि लढणारे लढत आहेत. तोवर या वर्षीची लेकरं या वर्षीच लहान आहेत. त्यांचे आईबाप कुलूप लावून जाताना गल्लीकडं एकदा वळून बघतात आणि आपलं लेकरू कुणाच्या नजरेत राहील याचा अंदाज घेतात. त्या नजरेत आपलं घर असावं. शेजारी म्हणून आपल्याकडून त्यांचं एवढं येणं आहे, आणि ते आपण द्यायलाच हवं.